अप्पांचा कप्तान काय म्हणतो

मी मन्मथअप्पांच्या हातातला माईक भरल्या गोदामात काढून घेतला. कारण एवढंच, की मला इंग्रजी येत होतं. म्हणजे, येतं असा माझा समज होता. शाळेत इंग्रजी शिकवायला लागलं की असा समज होतोच. पोरं उलट विचारत नाहीत.

गाव वडवणीकडचं. मी तिथे नवा मास्तर आणि मन्मथअप्पा तिथल्या सोसायटीचे चेअरमन. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी, आणि पिक्चर दाखवताना गळ्याला लोकरीचा मफलर. बाहेर ऊन इतकं की पत्र्यावर भाकरी भाजावी, आणि हे मफलर गुंडाळून उभे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अंतराळात लई थंडी आसती मास्तर. आपुन बी तयारीनं ऱ्हावं."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पेरणीच नाही म्हटल्यावर खत कोण नेणार? सोसायटीचं गोदाम रिकामं पडलं. त्याच सुमाराला भागात फिरणारी एक तंबूतली टॉकीज बसली. अप्पांनी तिचं मशीन, पडदा आणि मशीन चालवणारे गफूरभाई असे तिघंही गोदामात आणून ठेवले. हिंदी पिक्चरच्या पेट्या मालकानं परत नेल्या. इंग्रजी पेट्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यात सगळी भुतं, राक्षस आणि अंतराळयानं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला परदेशात कुणीतरी हौसेनं काढलेले आणि तिकडेही मूठभर वेड्यांनीच पुन्हापुन्हा पाहिलेले पिक्चर. रिळं इतकी घासलेली की प्रत्येक भुताच्या अंगावर उभा पाऊस पडायचा. त्या वर्षी गावानं पाहिलेला पाऊस तेवढाच.

बाजाराच्या दिवशी रस्त्याचं दुष्काळी काम बंद असे. मग दुपारी सगळं गाव गोदामात. पत्र्याची भोकं पोत्यांनी बुजवलेली, खाली बारदानाची बैठक, हवेत युरियाचा जुना वास. विहिरी कोरड्या, म्हणून मोटारी बंद, म्हणून दुपारची वीज मात्र झकास. अप्पा आधी मशीनला विभूती लावत, मग पुढच्या रांगेतल्या पोरांना. "घाबरला तर उठून पळायचं न्हाई. त्या राक्षसाला वाईट वाटतं."

राक्षसांबद्दल अप्पांना अपार कणव. पडद्यावर डोंगराएवढा कोळी शहर तुडवत चालला की म्हणायचे, "आरं, त्याला जेवलास का म्हनून कुनी इचारलं का? सगळे नुसते बंदुका घिऊन उभे!" बायाबापड्या हळहळायच्या. एक म्हातारी तर कोळी मेल्यावर पदर डोळ्यांना लावायची.

इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे अप्पा माईक धरून पडद्याशेजारी उभे राहत आणि कोण काय बोलतंय ते सांगत. प्रत्येक वाक्याची सुरुवात ठरलेली: "त्याचं म्हननं असं हाय की…" आणि पुढे जे येई त्याचा पडद्याशी काडीचा संबंध नसे. गावाचा सगळ्यांत लाडका पिक्चर होता एका यानाच्या कप्तानाचा. त्याच्या अंगावर हळूहळू हिरवी बुरशी चढते आणि तो आपल्याच माणसांचे गळे धरत सुटतो. तर कप्तान एकाचा गळा दाबतोय, त्याचे डोळे बाहेर आलेत, आणि अप्पा सांगताहेत, "त्याचं म्हननं असं हाय की रातचं आंगनात निजू नगा, गुडघे धरत्यात. एरंडेल चोळीत जावा."

दुसऱ्या एका पिक्चरात कोळ्यापुढे सापडलेली बाई किंचाळते. अप्पा म्हणाले, "ही बाई म्हनती, लोनचं घातलंय. बरनी मधल्या भिताडावर ठिवलीय, घिऊन जावं."

यावर मागून, दाराजवळून, काठी एकदा खाली आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर बरणी नव्हती.

ही काठी शिवलिंगतात्यांची. तात्या म्हणजे अप्पांचे सख्खे थोरले भाऊ. दोघांची घरं एका भिंतीची आणि दोघांचा अबोला. तात्या सोसायटीचे जुने चेअरमन. गेल्या निवडणुकीत समोरच्या पॅनलनं अप्पांना उभं केलं, अप्पा निवडून आले, तात्या पडले. गुलालानं माखलेले अप्पा तसेच थोरल्याच्या पाया पडायला गेले, तर तात्यांनी पाय मागे घेतले. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. पण तात्या एकही पिक्चर चुकवत नसत, आणि तात्या दारात येऊन टेकल्याशिवाय अप्पा मशीन सुरू करू देत नसत.

माईकमधून भावाशी बोलणं चाललंय, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. काठी एकदा वाजली की निरोप पोचला. लोक गालात हसायचे आणि पुढचा निरोप ऐकायला कान टवकारायचे. ठाऊक नव्हतं ते फक्त बी. ए. झालेल्या मला. मला वाटायचं, म्हातारा भरकटतो. एकदा न राहवून म्हणालो, "अप्पा, कप्तान असं म्हणत नाही."

"तुमाला कळतं का तो काय म्हनतो?"

"इंग्रजी येतं मला."

"बरं हाय की. मग ऐका निवांत. आमाला कशाला सांगायलात?"

वैशाखात बातमी आली की तात्या गाव सोडून लेकीकडे लातूरला निघाले. कायमचे. बायको मागेच वारलेली, बैल विकलेले, विहिरीत पाणी नाही, राहायचं कशासाठी? बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळची एस. टी. बाजाराच्या दुपारी गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. मी मनात म्हटलं, काय हा लोकांचा सिनेमाचा नाद!

अप्पांनी बुरशीच्या कप्तानाचा पिक्चर लावला. धोतर नवं, मफलर जागेवर. तात्या दारात टेकले, काठी मांडीवर आडवी. पहिलं रीळ अप्पांच्या तोंडून एक शब्द न निघता गेलं. मग कप्तान यानाच्या खिडकीशी उभा राहून लांबलचक बोलू लागला. अप्पांनी माईक तोंडाजवळ नेला.

"त्याचं म्हननं असं हाय की…"

पुढे काही येईना. अप्पा नुसते पडद्याकडे बघत राहिले. माईकमधून श्वास तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं, विसरले बिचारे. एवढ्या लोकांसमोर फजिती नको, म्हणून मी बारदानं तुडवत पुढे गेलो, त्यांच्या हातातला माईक घेतला आणि खणखणीत आवाजात सुरू झालो.

"कप्तान म्हणतो, यानातला दाब कमी होतोय! डावीकडची झडप बंद करा!"

खरं सांगायचं तर चार शब्दांतला एक मला कळत होता. बाकीचे तीन मी घरचे घालत होतो. पण माईक हातात आला की माणसाला आपला आवाज आवडायला लागतो. मी झडपा बंद केल्या, उघडल्या, पृथ्वीला दोनदा निरोप धाडला. कुणी हसेना, कुणी हूं म्हणेना. मला वाटलं, लोक रंगलेत. अप्पा शेजारी हात खाली सोडून उभे होते.

तेवढ्यात मशीन सोडून आलेल्या गफूरभाईंनी मागून माझा सदरा ओढला. "अरे मास्तर, क्या कर रा तू? अप्पा भाई से बात कर रा था ना! सुबू को जारा वो!"

मग एकदम सगळं कळलं. एरंडेल, लोणचं, काठी, सगळं. दाराकडे पाहिलं तर तात्या उठून उभे राहिलेले, पायात वहाणा सरकवत होते. हातातला माईक मला निखाऱ्यासारखा लागला. आता शहाण्यानं तो अप्पांच्या हातात परत द्यावा की नाही? मी घाईनं तोंडाला लावला.

"कप्तान म्हणतो… जाऊ नका! लातूरला… लातूरला डास फार!"

तात्यांनी वळूनही पाहिलं नाही.

गफूरभाई मशीनकडे परतले, आणि मशीन थांबलं. पट्टा तुटला, असं गफूरभाई पुढे कायम सांगत राहिले. तो तुटलेला पट्टा मात्र कुणी पाहिला नाही. पडद्यावर कप्तान नाही, यान नाही, बुरशी नाही. दारातून येणाऱ्या उन्हात नुसतं पांढरं कापड हलत होतं. तात्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

अप्पांनी मफलर सोडला आणि हातात धरला. दाराकडे बघायची हिंमत त्यांना अजून होत नव्हती. त्या कोऱ्या कापडाकडे तोंड करून ते बोलायला लागले. माईक नव्हता, तरी आवाज शेवटच्या पोत्यापर्यंत गेला.

"पानी आटलं, ठावं हाय. पन हंडाभर आलं तर दोन घरांत वाटून घिऊ. भाकरी हाय तोवर चूल येकच ठिवू. सोसायटी नगं मला. त्या गुलालाच्या दिशी मी पाया पडाया आल्तो, मिरवाया न्हाई…"

एवढं बोलून ते थांबले. मफलरनं डोळे पुसायला थांबले, पण तेही मला कळलं नाही. मला आपलं वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाहीये. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "अप्पा, पिक्चर बंद पडलाय. पडद्यावर कुणी नाही."

तात्यांनी बाहेरचा पाय आत घेतला.

"गप बस बे मास्तर," ते म्हणाले. "माजा भाऊ बोलायलाय."