मुरवलेले बूट

आमचे शेजारी तात्या मयेकर कुठलीही नवी वस्तू लगेच वापरत नाहीत. ती आधी मुरवतात. नवी खुर्ची आणली, तर तिच्यावर आठवडाभर तांदळाचं पोतं बसतं आणि तात्या जमिनीवर. नवी छत्री उन्हाळ्यात रोज उघडमीट करून घेतात. मोबाइल आणला तेव्हा पहिले काही दिवस फक्त चालू करून खिडकीत ठेवला होता. कुणी फोन केला तर लांबूनच ओरडायचे, "अजून मुरला नाय!"

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. सगळा जन्म मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. नवं इंजिन पहिल्याच दिवशी खोल समुद्रात पळवायचं नाही, हळूहळू मुरवायचं, हा तिथला नियम. तात्यांनी तो साऱ्या संसाराला लावला. काकी होत्या तोवर त्या आवरायच्या. त्या गेल्यावर आवरायला कुणी उरलं नाही. मुलगा निखिल पुण्याला, सणासुदीला येतो. कधी कधी सणासुदीलाही येत नाही.

यंदा मात्र निखिलचा फोन आला. गावावरच्या सड्याच्या पठारावर लांब पल्ल्याची शर्यत आहे, कातळावरून, जंगलातून, खाडीच्या काठाने. तो धावायला येणार होता. तात्यांनी ही बातमी आख्ख्या आळीला सांगितली आणि मग माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"बाय, बाजारात चल. पोराला बूट घ्यायचे हायत. शर्यतीला बापाचे बूट घालूंदे."

"निखिलला विचारलंत?"

"इचारलं की नको बोलंल. तू चल."

मी शाळेत शिकवते. बाजारात दर दहा पावलांवर एक पालक भेटतो. अशा बाईने तात्यांबरोबर बुटांच्या दुकानात जाऊ नये, पण गेले.

तात्यांनी खिशातून सुंभाचा तुकडा काढला. निखिलची जुनी चप्पल घरात होती, तिचं हे माप. दुकानातल्या प्रत्येक बुटात ते सुंभ घालून बघायला लागले. मग बूट कानाशी नेऊन वाकवायचे, टाच हुंगायची, तळवा बोटाने टकटक वाजवायचा. विक्रेता म्हणाला, "काका, यात एअर कुशन आहे." तात्या म्हणाले, "मग हवा खयसून भरायची?" तेवढ्यावर भागलं असतं. पण त्यांनी बादली मागितली. ओल्या कातळावर बूट कसा धरतो ते बघायचं होतं. मालकाने नकार दिला, तेव्हा पाण्याची बाटली घेऊन तात्या दुकानाच्या जांभ्याच्या पायरीवर गेले, ती भिजवली आणि दोन्ही हातांत एकेक बूट घालून चार पायांवर चढउतार करू लागले.

समोरून माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई येत होती. "बाई, हे तुमचे वडील?" तिने विचारलं. "छे छे, शेजारी!" मी इतक्या जोरात म्हणाले की तात्यांनीही मान वळवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी जे बूट पायरीवर घसरले नाहीत ते भडक भगव्या रंगाचे निघाले. तात्या खूश. "धुक्यात पण दिसंल!"

आता निखिलचा पाय दहा नंबरचा, तात्यांचा सात. पण नवा बूट मुरवायचा कुणी? तात्यांनी मोज्यांचे तीन जोड चढवले आणि रोज सकाळी सड्यावर फेऱ्या सुरू केल्या. नव्या इंजिनासारखंच, आधी 'स्लो', मग 'हाफ', शेवटी 'फुल'. बनियन, हाफ पँट आणि ते भगवे बूट. आळीतली पोरं शिट्ट्या मारायची. मी खिडकी लावून घ्यायचे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी निखिल आला. मी घावणे घेऊन गेले, तर त्याच्या पायात त्याचे स्वतःचे बूट, चांगले कित्येक महिने वापरलेले. पडवीत भगवा जोड ठेवला होता, पुसूनबिसून.

"हे कुणाचे, बाबा?"

तात्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "माझे," ते लगेच म्हणाले. "डाक्टर बोलला, चालायला जा."

निखिल खदखदून हसला. "भगवे? उद्या हे घालून तिकडे येऊ नका हां. माझ्या ग्रुपची माणसं असतील." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मीही हसले. हसून झाल्यावर हातातली ताटली कुठे ठेवावी ते कळेना. तात्यांनी बूट उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी तात्या इस्त्रीचा शर्ट आणि साध्या चपला घालून आले. शर्यत संपत होती तिथे न थांबता पाण्याचे कॅन उतरवलेल्या टेंपोच्या मागे उभे राहिले. निखिल धावत आला, मित्रांनी त्याला मिठ्या मारल्या, फोटो झाले. तात्या टेंपोमागून टाळ्या वाजवत होते.

"पुढे चला ना," मी म्हटलं.

"नको. त्याची माणसं हायत."

"मग मी सांगते त्याला, बूट कुणासाठी घेतले होते ते."

तात्यांनी माझं मनगट धरलं. इंजिनवाल्याचा हात, दुखलं मला. "नको गो बाय. एवढा धावून आलाय. पोराला लाज वाटंल."

इतके दिवस मला त्यांची लाज वाटत होती. त्या क्षणी माझी मला वाटली, आणि अशी की वर बघवेना.

एवढ्यात निखिल बापाला शोधत आला. तात्या भर गर्दीत त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि लहान मुलाचं बघतात तसं अंगठ्याने त्याच्या बुटाचं टोक दाबून बघितलं. "बाबा, उठा, लोक बघतायत," निखिल पुटपुटला. "बोटाला जागा हाय," तात्या गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले. "बरोबर घेतलंस."

दुपारचं जेवून निखिल मित्रांच्या गाडीतून पुण्याला परत गेला. संध्याकाळी तात्या माझ्या दारात, हातात पिशवी.

"बाय, तुझ्या शाळंत दहा नंबरचा पाय असलेला कोण पोरगा हाय काय? चांगले बूट हायत, फुकट जायला नकोत."

मी चौथीला शिकवते. तात्यांना ते ठाऊक आहे.

"बघते," मी म्हटलं, आणि पिशवी घेतली.