गाजरांचा विजय

माझ्या संघाला यापुढे कोणीही हरवू शकणार नाही, असं मी जाहीर केलं, तेव्हा माझा संघ ओळीने सहा सामने हरलेला होता. म्हणून तर जाहीर करावं लागलं!

मी लेऑन्स बाराय. एके काळी पहिल्या श्रेणीत राइट हाफ होतो. पुढे माझ्या उजव्या गुडघ्याने माझ्याआधीच निवृत्ती घेतली आणि मी व्हिलसेक गावच्या संघाचा मास्तर झालो. क्लबचे अध्यक्ष मस्यू पुजोल हे गावचे खाटीक. त्यांच्या मते फुटबॉल म्हणजे दोन जेवणांमधली विश्रांती.

"रविवारी मोंरुजकडून हरलास," ते सुरी पुसत म्हणाले, "तर तुझ्या मेव्हण्याच्या सायकलच्या दुकानात बसून पंक्चर काढ!"

"हरत नाही! फक्त सामन्याआधीचं ते जेवण बंद!"

सुरी थांबली. दर रविवारी त्यांची बायको, मादाम ओडेट, खेळाडूंना कासुले वाढायची. घेवडा, बदक, सॉसेज आणि सोबत हवी तेवढी वाइन! त्यानंतर आमची पोरं मैदानात धावत नसत, घरंगळत. मैदान सपाट असूनही!

"मग खाणार काय पोरं?"

"उकडलेली गाजरं!"

"घोडे आहेत का ते?"

"घोडे धावतात तरी!"

रविवारी मादामनी कोणालाही न जुमानता भलंमोठं भांडं भरून कासुले केलंच होतं.

"माझं भांडं आजवर भरलेलं परत गेलेलं नाही!"

"माझी पोरं एक घासही खाणार नाहीत!"

"नका खाऊ!" असं म्हणून त्या तरातरा बाहेर गेल्या. मोंरुजचा संघ नुकताच बसमधून उतरत होता. त्या अख्ख्या संघाला त्यांनी हाताला धरून टेबलावर बसवलं!

आमची अकरा तोंडं खिडकीला चिकटली. प्रत्येकात एक गाजर.

"मास्तर," आमचा गोलरक्षक फुल्क्राँ कळवळला, "त्यांचा सेंटर फॉरवर्ड तिसऱ्यांदा घेतोय हो! ते माझं सॉसेज होतं!"

"चेहरा लक्षात ठेव त्याचा!"

सामना सुरू झाला. तो सेंटर फॉरवर्ड चेंडूपर्यंत गेला, त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं, पाय उचलवेना म्हणून परत आला. त्यांचा लेफ्ट बॅक गोलच्या खांबाला टेकून झोपला. पण आमचे वीरही भुकेने डोलत होते! मध्यंतराला एकही गोल नाही. मला सायकलच्या ट्यूबचा वास येऊ लागला.

तेवढ्यात मादाम कडाडल्या, "भांड्याच्या तळाशी थोडं उरलंय! जिंकलात तर मिळेल!"

पुढे जे झालं त्याला फुटबॉल म्हणत नाहीत. चार गोल! चौथा तर फुल्क्राँने आपला गोल सोडून मारला. मोंरुजच्या गोलरक्षकाने प्रत्येक गोल ढेकर देऊन मान्य केला.

पुजोल साहेबांनी मला मिठीच मारली. "नोकरी पक्की तुझी! यापुढे दर रविवारी पाहुण्यांना आधी जेवण!"

"अहो, हा विजय गाजरांचा आहे!"

"असेल बाबा! ती तुझ्या पोरांना चालू ठेव."

दुसऱ्या दिवशी फुल्क्राँ दारात.

"मास्तर, मला मोंरुजच्या संघात जाऊ द्या."

"जिंकणारा संघ सोडून?"

"इथे जेवायचं तर पाहुणा होऊनच यावं लागतं ना."

मी त्याला हाकलून दिलं. तत्त्व म्हणजे तत्त्व! तो विजय गाजरांचाच होता, हे मी कुठेही, कोणासमोरही छाती ठोकून सांगेन.

फक्त मोंरुजला मास्तर हवाय का, एवढं कोणाला ठाऊक असेल तर जरा हळूच सांगा.