वरच्या भिंगातलं वऱ्हाड

गंगाक्का शिंत्र्यांच्या कॅमेऱ्यात बसलेल्या धुळीने बुधवारी सकाळी सांगितलं, की मानपान झाल्याशिवाय आपण बाहेर येणार नाही.

धूळ बोलली याचं गंगाक्कांना काही वाटलं नाही. एकेचाळीस वर्षं त्यांनी गडहिंग्लज तालुक्यातल्या लग्नांचे फोटो काढले होते. लग्नाच्या कामात कोण तोंड उघडेल आणि काय मागेल याचा नेम नसतो, हे त्यांना पाठ होतं. राग आला तो वेळेचा. रविवारी त्यांच्या भावाच्या नातीचं, प्राजक्ताचं लग्न होतं. आषाढ लागायच्या आधीचा शेवटचा मुहूर्त.

प्राजक्ता स्वतः येऊन सांगून गेली होती, "अक्काआजी, बाकीचं सगळं ते ड्रोनवाले बघू देत. घरच्यांचा एक ग्रुप फोटो मात्र तुझ्या जुन्या कॅमेऱ्यानं पाहिजे." त्यावर तिचा बाप शिवानंद दारातच म्हणाला होता, "अगं, अक्काला आता दिसतंय कुठं?" हळूच म्हणाला होता, पण गंगाक्कांच्या कानाला काही झालेलं नव्हतं. डोळ्यालाही काही झालेलं नव्हतं. समोरचं धुरकट दिसायचं ते कॅमेऱ्यातल्या धुळीमुळे. हे त्या शिवानंदला तोंडाने सांगणार नव्हत्या. फोटो काढून त्याच्या हातात ठेवणार होत्या.

कॅमेरा दोन भिंगांचा, उभ्या डब्यासारखा. वरच्या भिंगातून फक्त बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. वरच्या भिंगामागे आरसा, आरशावर दुधी काच, आणि त्या काचेत वरून मान घालून गंगाक्का नवरा-नवरीकडे बघायच्या. सगळी धूळ वरच्या मजल्यावर. त्यामुळे बघताना नवरीच्या गालावर कितीही कचरा दिसला तरी फोटोत तो कधी यायचा नाही.

गंगाक्कांनी चार बारीक स्क्रू काढून वाटीत ठेवले, काच उचलली आणि मऊ ब्रश हातात घेतला. आरसा फडक्याने पुसायचा नसतो, त्याचा पारा वरच असतो, चरे पडतात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिला आरसा स्वतःच्या हाताने खराब करून त्या शिकल्या होत्या. ब्रश टेकणार एवढ्यात आतून आवाज आला. नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला कान लावला. जन्मभर जिथे डोळा लावला तिथे कान लावायला त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं.

"कोण बोलतंय?"

"आम्ही सगळेच. तोंड फक्त माझं," आवाज म्हणाला. तो एक निळा धागा होता. भादवणच्या एका नवरदेवाच्या कोटातून आलेला, आणि आतल्या सगळ्यांत जुना. बाकीच्यांत हळदीचे कण होते, अक्षतांचा भुगा होता, करवल्यांच्या तोंडाची पावडर होती आणि बँडवाल्याच्या टोपीतला एक जरीचा तुकडा होता.

"तुमचं म्हणणं काय?"

"अक्का, एकेचाळीस वर्षं आम्ही प्रत्येक लग्नाला आलोय. कुणी टॉवेल-टोपी दिली नाही, कुणी नारळ दिला नाही, कुणी जेवायला उठा म्हणालं नाही."

"तुम्हाला बोलावलं होतं का?"

"पत्रिकेत काय असतं? सहकुटुंब सहपरिवार. तुमच्या नावानं आलेल्या पत्रिका काढून बघा. कुटुंबात तुम्ही एकट्या. मग परिवार कोण?"

गंगाक्कांनी यावर विचार केला. "मलाही कुणी मान दिलेला नाही," त्या म्हणाल्या. "फोटोवाली बाई शेवटच्या पंगतीला बसते. भात गार, आमटी संपलेली."

"तुम्ही मागितला नाही. त्यात आमची चूक नाही," धागा म्हणाला. रुसलेलं माणूस जसं भिंतीकडे तोंड करून बसतं तशी सगळी धूळ आरशाच्या कडेला सरकून बसली.

गुरुवारी गंगाक्कांनी बाळाप्पा मगदुमांना बोलावून घेतलं. मगदूम आप्पा पंचक्रोशीत रुसवे काढण्यासाठी प्रसिद्ध होते. अंगठीवरून रुसलेले जावई, साडीच्या रंगावरून बसलेल्या विहिणी, घोडं पांढरं नाही म्हणून खाली न उतरणारे नवरे, असे तीनशेच्या वर रुसवे त्यांनी मिटवले होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, टोपी नीट केली आणि आधी पंखा बंद करायला सांगितलं.

"पाहुणेमंडळी हलकी आहेत," ते म्हणाले. मग कॅमेऱ्यापुढे मांडी घालून बसले. "रामराम मंडळी. तुम्ही वधूपक्षाचे की वरपक्षाचे?"

"निम्मे निम्मे," धागा म्हणाला.

"निम्मं चालत नाही. रुसायचा हक्क वरपक्षाचा. वधूकडच्यांनी रुसवा मागं घ्यावा, नाहीतर वरपक्षात यावं."

कॅमेऱ्यात थोडी कुजबुज झाली.

"सगळे वरपक्षात आलो."

"मग आपण याद करू," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फुलस्केप कागद दुमडून समास पाडला. लग्नाआधी देण्याघेण्याची याद करतात तशीच, दोन प्रती. बसायला काळी मखमल, हे पहिलं. गंगाक्कांकडे मखमल होती, कॅमेरा गुंडाळायची. मग हळदीचं बोट. ते गंगाक्कांनी लगेच कबूल केलं, हळद आत होतीच. पहिल्या पंगतीला पान मांडायचं, पण शितं किती ठेवायची यावर अर्धा तास गेला आणि तीनवर तडजोड झाली.

"आणि फोटो," धागा म्हणाला.

"कसला फोटो?" गंगाक्का म्हणाल्या.

"आमचा. एवढ्या लग्नांत होतो, एकाही फोटोत नाही."

"अहो, तुम्ही फोटोत आलात म्हणजे फोटो खराब झाला. माझ्या स्टुडिओतून ठिपका असलेला एक फोटो आजवर बाहेर गेलेला नाही."

"तेच आमचं म्हणणं आहे."

गंगाक्का उठून आत गेल्या. आप्पांनी थोडा वेळ वाट बघितली, मग यादीत फोटोच्या कलमापुढे 'चर्चा चालू' असं लिहून तेही उठले. दारातून आत बघत म्हणाले, "अक्का, एक सांगतो. जबरदस्ती करू नका. हाकललेलं वऱ्हाड मधोमध येऊन बसतं."

गंगाक्कांना कुणी सांगितलेलं पटत नसे. शुक्रवारी दुपारी त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे असतो तसा रबरी फुगा घेतला आणि आरशावर हवा मारली. धूळ उडाली, काचेखाली गोल फिरली आणि सगळीच्या सगळी मधोमध येऊन बसली. गंगाक्कांनी काच लावून समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तारखा दिसत होत्या, फक्त रविवार दिसत नव्हता.

शनिवारी सकाळी त्यांनी आप्पांना परत बोलावलं. "लिहा," त्या म्हणाल्या. "फोटो कबूल. पण फिल्मवर बसायचं नाही, खालच्या मजल्यावर जायचं नाही. मखमलीवर बसायचं, माणसासारखं, समोर."

"मंजूर," धागा म्हणाला. "पण आमच्या घरचं माणूस आमच्याबरोबर फोटोत बसलं पाहिजे. परक्याच्या मांडीवर आम्ही बसणार नाही."

"कोण तुमच्या घरचं?"

"आम्ही एकेचाळीस वर्षं राहतोय कुणाकडं?"

गंगाक्का आप्पांकडे बघायला लागल्या. आप्पा कागदाकडे बघत होते.

"मी फोटोत बसले तर फोटो काढणार कोण?"

"ते तुम्ही बघा," धागा म्हणाला. "तुम्ही फोटोवाल्या."

"अक्का," आप्पा म्हणाले, "तुमचा एक तरी फोटो आहे का हो कुठं?"

"रेशनकार्डावर आहे," गंगाक्का म्हणाल्या. "दुसऱ्यानं काढलेला. मान कापलीय." आणि त्यांनी यादीवर सही केली. धुळीच्या वतीने आप्पांनी कागद कॅमेऱ्यावर पालथा टेकवला. उचलला तेव्हा कोपऱ्यात करडा अंगठा उमटला होता.

रविवारी अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली, तीन शितांचं पान उष्टावलं गेलं. मग गंगाक्कांनी स्टेजसमोर तिकाटण्यावर कॅमेरा लावला, वरची काच काढली आणि ब्रशने एकेकाला मखमलीवर उतरवून घेतलं. आधी धागा, मग जरीचा तुकडा, मग बाकीचे. आप्पांनी मांडवातले सगळे पंखे बंद करून ठेवले होते. वरमाय पदराने वारा घ्यायला लागली तेव्हा आप्पांनी तिला हात जोडले. "व्याह्यांच्या मानाचा प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि तिने निमूट पदर खाली केला.

"अक्का, दिसतंय ना?" शिवानंदने मागच्या रांगेतून विचारलं.

गंगाक्कांनी काच परत बसवली आणि वरून मान घातली. काचेत चौतीस माणसं होती. प्राजक्ताच्या मुंडावळ्यांतला मोती न् मोती दिसत होता. नवऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. पुढच्या रांगेत मधोमध एक रिकामी खुर्ची दिसत होती.

"शिवानंद," त्या म्हणाल्या, "तुझ्या सदऱ्याचं तिसरं बटण उघडं आहे."

शिवानंदने खाली बघितलं आणि बटण लावलं.

मग गंगाक्कांनी सेल्फ-टायमरची दांडी ओढली, मखमल दोन्ही हातांत आडवी धरली आणि निघाल्या. दहा सेकंद. वय चौऱ्याहत्तर. धावायचं होतं, पण पाहुणे उडून चालणार नव्हतं. प्राजक्ता मोठ्याने आकडे मोजत होती, आणि सातला बाकीच्या तेहतीस माणसांनी श्वास धरला. नऊला गंगाक्का खुर्चीत बसल्या. दहाला खटका वाजला.

रुसवा निघाला. आप्पांनी यादीवर 'पूर्ण' असं लिहिलं. मांडवाच्या दाराशी गंगाक्कांनी मखमल उन्हात धरली, झटकायला.

"बरंय अक्का," धागा म्हणाला. "मान झाला. येतो आम्ही."

"या हं परत," गंगाक्का म्हणाल्या. दारात निघालेल्या पाहुण्याला माणूस दुसरं काय म्हणतं.

आप्पांनी डोळे मिटून घेतले. "अक्का, हे यादीत नव्हतं," ते म्हणाले.

मंगळवारी फोटो धुवून झाला. चौतीस आणि एक पस्तीस माणसं, सगळ्यांचे डोळे उघडे. गंगाक्कांच्या मांडीवर काळी मखमल आणि मखमलीवर पाच पांढरे ठिपके. ठिपके झाकायचा बारीक ब्रश गंगाक्कांच्या हातात आपसूक आला. शाईत बुडवूनही झाला. पहिल्या ठिपक्यावर टेकवायच्या आधी त्यांनी तो भिंगाखाली बघितला. धागा ताठ बसला होता.

त्यांनी ब्रश धुवून ठेवला. फोटो पालथा घातला आणि मागे, दर ग्रुप फोटोवर लिहीत तशी, नावं लिहायला घेतली. डावीकडून उजवीकडे, उभे, मग बसलेले. स्वतःच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'व परिवार'.

एक प्रत शिवानंदकडे गेली. दोन दिवसांनी त्याने विचारलं, अक्का, मांडीवर ते ठिपके कसले? व्याही, असं त्यांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी कॅमेरा गुंडाळून ठेवण्याआधी गंगाक्कांनी काचेत बघितलं. समोरच्या कॅलेंडरवरचा रविवार दिसत नव्हता. त्यांनी काचेला कान लावला.

"आलात?"

"या म्हणालात ना," धागा म्हणाला. "पुढचं लग्न कधी?"

गंगाक्कांनी हाताने कॅलेंडरची पानं उलटली. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. "आता तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही," त्या म्हणाल्या.

"मग तोवर बसतो."

"बसा," गंगाक्का म्हणाल्या, आणि खाली मखमल घालून त्यांनी कॅमेरा फडताळात ठेवला.