खानोलकरांचं लाल सोनं

दसऱ्याला आमच्या बाळकुमच्या सोसायटीत सगळे आपट्याची पानं वाटतात. तिसऱ्या मजल्यावरचे खानोलकर मात्र लाल पाण्याची इवलीशी बाटली हातावर ठेवायचे. "सोनं घ्या. खरं आहे." एका वर्षी आमच्या सेक्रेटरीने ते तीर्थ समजून पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. त्याच्या बायकोने बोंब ठोकली. खानोलकर ढिम्म. "काही होत नाही हो. नुसतं सोनं आहे. औषध कुठे चिकटवलंय अजून?"

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते शास्त्रज्ञ. सोन्याचा पत्रा पाण्यात ठेवायचा, त्यावर लेसर मारायचा. डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात आणि पाणी लाल होतं. त्या कणांना किरणोत्सारी औषध चिकटवून कॅन्सरच्या गाठीपर्यंत धाडायचं, हा त्यांचा ध्यास. "कधी येणार औषध?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "अजून उंदरांवर आहे."

पुढे हे वाक्य सगळ्यालाच लागू झालं. बंद लिफ्ट? "उंदरांवर आहे." घोडबंदरची मेट्रो? "उंदरांवर." पुतण्याचं लग्न जमेना, तेही उंदरांवर. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, कपाळाला हात लावायच्या.

मग वहिनींच्याच यकृतात गाठ निघाली. दैवाला विनोद करायचा होता तर दुसरं घर नव्हतं का? वहिनी गेल्या. मागोमाग साहेबलोकांनी संशोधन गुंडाळलं. मशीन फुकट कशाला घालवायचं म्हणून त्याच लेसरने आता भेटीच्या स्टीलच्या बाटल्यांवर 'शुभ दीपावली' कोरतात. कोरायला कोण, तर खानोलकरच. ऐकून माझं डोकं फिरलं. ते म्हणाले, "अक्षर सुबक येतं."

यंदा दसऱ्याला ते खाली उतरले नाहीत, म्हणून मीच पानं घेऊन वर गेलो. वहिनींच्या फोटोपुढे स्टीलचा पेला होता. त्यावर नाव घातलेलं, 'सौ. सुमन'. आत लाल पाणी.

"शेवटची बाटली," खानोलकर म्हणाले. "गेल्या दसऱ्याला अंथरुणातून हात पुढे केला हो तिने. 'अहो, सगळ्या सोसायटीला देता, मलाही द्या की सोनं.' मी म्हटलं, अगं, अजून उंदरांवर आहे. मग परवानग्या, चाचण्या, सगळं समजावत बसलो. तिने हात मागे घेतला."

"खरंच आहे ना," मी म्हटलं. "नुसत्या सोन्याने थोडाच गुण येणार होता?"

"नव्हताच येणार." त्यांनी पेला पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "पण तिने औषध कुठे मागितलं होतं? दसरा होता हो. ती सोनं मागत होती."