चांदणी, फेटा आणि माझं बोडकं डोकं

घोडं धरावं तर या आकारामनंच! हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

शाहू महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात एका सरदारांच्या पागेत मी मोतद्दार होतो, म्हणजे घोड्यांची सगळी निगा माझ्याकडे. बावीस घोडी माझ्या एका शिट्टीवर दावणीला यायची. तेविसावी चांदणी. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका आणि डोक्यात नुसता वारा! कुरणात सोडली ती पुन्हा हाताला लागेना. दोरी दाखवली, पळाली. हरभऱ्याची चंदी दाखवली, पळाली. गूळ दाखवला तर लांबूनच फुरफुरली. एकदा चौघांनी घेरली. एक ओढ्यात पडला, दोघं काटेरी कुंपणात अडकले. चौथा मी होतो. माझं काय झालं ते मी सांगणार नाही!

पागेचे कारभारी हंबीरराव वैतागले. "आकाराम, दसऱ्याच्या स्वारीत ही घोडी चालली न्हाय, तर मिरजेच्या टांगेवाल्याला दिऊन टाकतो बघ!"

खरं सांगतो, त्या द्वाड घोडीवर माझा जीव जडला होता.

"चालंल की!" मी छाती काढून म्हणालो. "न्हाय चालली तर मिशी उतरून तुमच्या हातात ठेवतो!"

"तुझी मिशी घिऊन मी काय करू?" हंबीरराव म्हणाले.

दसरा बारा दिवसांवर होता.

दुसऱ्याच दिवशी कुरणातल्या विहिरीवर मी फेटा काढून डोक्यावर बादली ओतली. डोळे उघडले तर चांदणी दहा हातांवर उभी! मी घाईघाईनं फेटा उचलला. घोडी पसार!

आमचे नालबंद मौलाचाचा झाडाखाली बसून बघत होते. "आरं, ती तुला भीत न्हाय," ते म्हणाले. "तुझ्या फेट्याला भितीया. धरायला आलेल्या कुणीतरी फेट्यानंच झोडपलं असंल तिला."

मी टोपी घालून बघितली. तीही बाईसाहेबांना चालेना. डोकं बोडकंच पाहिजे!

आता आली का पंचाईत! त्या काळी बाप्या माणूस बोडक्या डोक्यानं दिसला की लोक समजायचे, याच्या घरात कुणीतरी गेलं. आणि आमचं कुरण नेमकं बाजाराच्या रस्त्याला लागून. पण मी काय लोकांना भिणार? फेटा मौलाचाचांच्या दुकानात ठेवला आणि गेलो तसाच. चाचांनी रीत सांगितली होती. घोडीच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, पाठ करून बसायचं आणि गोड बोलत राहायचं. मी रोज मान खाली घालून, केस विस्कटलेले, एकटाच आळवत बसायचो.

"ये गं बाई! कुठं गेलीस मला सोडून? तुझ्याबिगर मी काय करू?"

चांदणी रोज हातभर जवळ यायला लागली. पण एके दिवशी आमची शेजारीण झुंबरबाई बाजारातून परतत होती. तिला मी दिसलो, माझं डोकं दिसलं, माझा टाहो ऐकू आला. झाडामागची घोडी तेवढी दिसली नाही! आणि माझी बायको चिमणाबाई त्याच आठवड्यात माहेरी हातकणंगल्याला गेलेली.

संध्याकाळी चाचांचं दुकान बंद होतं, म्हणून मी तसाच बोडका घरी आलो तर ओसरीवर ही गर्दी! बायका गळ्यात गळे घालून रडताहेत. कुणी पिठलं-भाकरी आणलेली. मला वाटलं, शेजारी कुणीतरी गेलं. मीही मान खाली घालून बसलो. रीत म्हणून!

"शेवटाला काय बोलली वं?" झुंबरबाईनं हुंदका देत विचारलं.

"कोण?"

"धक्का बसलाय बिचाऱ्याला!" असं म्हणून तिनं पुन्हा गळा काढला.

तेवढ्यात बोचकं घेऊन चिमणाबाई स्टेशनावरून थेट दारात! "आत्ता गं बया! कोण गेलं?"

झुंबरबाईनं वर बघितलं. "आगं... तू!" असं किंचाळली आणि पिठल्याच्या पातेल्यात बसली.

सगळा उलगडा झाल्यावर लोक गेले. चिमणाबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभीच. "घोडीला 'ये गं बाई' व्हय? पंधरा वर्सं झाली लगीन हून. मला कधी मारली का अशी हाक?"

मी पिठल्याचं पातेलं उचलायला वाकलो.

"आता चारचौघांत बोडकं दिसला, तर खरंच माहेरी जाईन. कायमची!"

दसरा उजाडला. मी नवा फेटा बांधून कुरणात उभा. कुंपणाला निम्मी पेठ लोटलेली, तीत चिमणाबाईही होती. मिरजेचा टांगेवाला आलेला. आणि चांदणी? पार पलीकडच्या टोकाला, तिळाएवढी!

"धर की रं!" हंबीरराव ओरडले.

मी टांगेवाल्याच्या हातातला चाबूक बघितला. मग सरळ चिमणाबाईपुढे गेलो, फेटा काढला आणि तिच्या हातात दिला. सणाच्या दिवशी असला अपशकुन! लोक "हाय हाय" करायला लागले. करू देत! मी पाठ फिरवून गवतात बसलो.

"ये गं बाई!"

दहा वेळा आळवलं. मग मानेवर गरम श्वास आला. चांदणीनं माझ्या बोडक्या डोक्यावर तोंड टेकवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. हळूच लगाम चढवला.

"आता फेटा घाल," हंबीरराव म्हणाले. "स्वारीत बोडक्यानं चालतोस व्हय?"

"घालतो की! मग घोडी तुमी धरा!"

ते एक पाऊल पुढं आले. चांदणीनं कान पाडले. ते दोन पावलं मागं गेले. अख्ख्या कोल्हापुरासमोर मी बोडक्यानं, मिशीला पीळ देत चाललो. घोडी माझ्या काखेत तोंड खुपसून. मागून फेटा धरून चिमणाबाई. "मला काय हाक मारायची ती घरी गेल्यावर मारा," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून कुरणात मी कायम बोडकाच. पेठेला सवय झाली. पुढच्या वर्षी माझी नव्वदीची विठाबाई आत्या गेली. मी बोडक्या डोक्यानं रडत रस्त्यावर आलो. कुणी मान वळवली नाही! झुंबरबाई तर ओसरीवरूनच म्हणाली, "काय आकाराम, घोडी सुटली व्हय परत?"

शेवटी घरात गेलो, चांगला फेटा बांधला आणि दारात बसून रडलो. तेव्हा कुठं माणसं जमली.