किल्ली अडकवायचा आकडा

जावयाने ठरवलं होतं ते एवढंच, की सासूबाईंना एक आकडा करून द्यायचा. अडगळीच्या खोलीची किल्ली रोज हरवते, ती अडकवायला. आता आकडा ही काय ठरवण्यासारखी गोष्ट आहे? पण दिवसभर ऑफिसात शिक्के मारणाऱ्या माणसाला लोहारकामाचं वेड लागलं, की आकडासुद्धा पराक्रम वाटतो.

शिवाय गरजही होती. घर सासूबाईंचं, परसातली भट्टी जावयाची. त्या भट्टीतून वर्षभर धूर भरपूर निघाला, कामाची वस्तू एकही नाही. (एक उलथणं निघालं होतं, पण ते उचलायला दोन माणसं लागायची.) शेवटी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, रविवारपर्यंत काहीतरी करून दाखवा. नाहीतर तिथे मी कपडे वाळत घालणार." आज रविवार होता.

जावई विकतचं लोखंड वापरत नसे. तत्त्वाचा माणूस! दोरीला बांधलेलं चुंबक घेऊन तो घरभर फिरे आणि चिकटेल ते भंगाराच्या डब्यात टाकी. बायको म्हणायची, "माझ्या केसांतल्या पिनासुद्धा सुरक्षित नाहीत हो या घरात."

सकाळी त्याने खिडक्यांवरून चुंबक फिरवलं, भाता चालवला आणि सांडशीत आला तो पहिला गंजका तुकडा भट्टीत घातला. चष्मा घामाने धुरकटलेला. तुकडा लाल झाल्यावर पाहतो तर काय नशीब, एका टोकाला आयतंच कडं! खिळा ठोकायची सोय फुकटात. दुसऱ्या टोकाला दातांसारखं काहीतरी होतं, ते त्याने ठोकून सपाट केलं आणि टोक झोकात वाकवलं. आकडा पाण्यात चुर्र करून विझवला आणि तो घरात धावला.

"आई, बघा!"

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. अडगळीच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटलं होतं. आपटलं की कुलूप आपोआप लागे. आणि सासूबाई आत होत्या.

"जावईबापू, दार उघडा. किल्ली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीय मी."

जावयाने खिडकी पाहिली. मग हातातला आकडा पाहिला. कड्यासकट.

"सापडली का?"

"सापडली..." जावई म्हणाला. "म्हणजे, आहे. पण जरा वाकलीय."

अडगळीच्या खोलीला खिडकी नाही, आणि सासूबाईंना दमा. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली, तसा जावई कोपऱ्याकडे धावला. त्याने पहार उचलली.

"खबरदार! ते दार माझ्या नवऱ्याने केलेलं आहे," सासूबाई कडाडल्या. "वाकवलीत तशी सरळ करा!"

जावई भट्टीकडे पळाला. आकडा पुन्हा लाल केला, सरळ केला. पण दात? दात कसे होते? तो धावत दाराशी आला.

"पुढचा आखूड," आतून धापा टाकत आवाज आला, "मागचा लांब, मध्ये खाच. जन्म गेला माझा ती किल्ली फिरवण्यात. आणि रडू नका, कानस चालवा!"

तो ठोकत होता, घासत होता, दाराशी पळत होता. किल्ली आत जाईना. पुन्हा घासली. गेली, पण फिरेना. आतला खोकला थांबला.

"आई?"

त्याने दारावर थापा मारल्या.

"आई! अहो आई! भट्टी मोडतो, कपडे वाळत घाला, मी स्वतः घालतो, पण बोला!"

हुंदका देत त्याने किल्लीला हिसका दिला. कट्! दार उघडलं. सासूबाई जुन्या ट्रंकेवर बसून दम्याचा पंप ओढत होत्या.

"औषध ओढताना बोलता येतं का माणसाला?" त्या म्हणाल्या. मग किल्ली हातात घेऊन उजेडात निरखली. "पहिल्यापेक्षा हलकी फिरते. राहू द्या भट्टी."

जावयाचे डोळे भरून आले. छातीही फुगली. एवढ्यात पिशव्या घेऊन बायको दारात आली. सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं.

"आता तरी या किल्लीला एक चांगला आकडा हवा," सासूबाई म्हणाल्या.

जावयाने उत्साहाने हातोडा उचलला.

"ठेवा तो खाली," बायको म्हणाली आणि पिशवीतून एक पुडकं काढलं. "मी आत्ताच आणलाय. प्लॅस्टिकचा. चुंबकाला चिकटत नाही."