आईकडचे दहा

मामांचा प्रत्येक इशारा मनावर घ्यायचा ठरवला असता, तर बबडी जन्मात उंबऱ्याबाहेर पडली नसती. विहीर, कुत्रा, उकळतं दूध, उघडी खिडकी, गोड बोलणारी माणसं, सगळ्यांपासून मामांनी तिला वेळोवेळी सावध केलं होतं आणि यातल्या कशानेही तिचं आजवर काही वाकडं केलं नव्हतं. त्यामुळे परमुलखात जायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत असताना मामा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बबडे, मिक्सर ने हवा तर, पण ताईचं हे घड्याळ नेऊ नकोस. तिकडची वीज वेगळी असते. व्होल्टेजचं काय, ते जमेल कसंही, पण..." तेव्हा बबडीने बॅगेवर बसून चेन ओढली आणि मामांचं वाक्य मधेच तोडलं. "मामा, ट्रान्सफॉर्मर नावाची वस्तू असते जगात. मी शिकलेली आहे."

मामांनी उरलेलं वाक्य गिळलं. या गोष्टीत पुढे जे काही घडलं, ते सगळं त्या गिळलेल्या वाक्यात होतं.

घड्याळ आईच्या उशाचं. भिंतीतल्या प्लगवर चालणारं, काट्यांऐवजी आकड्यांच्या पाट्या पलटणारं. दर मिनिटाला टप्प करून एक पाटी पडायची. दिवस असला की कोपऱ्यात रंगवलेला लाल ठिपका दिसायचा, रात्र झाली की जायचा. बबडी लहानपणापासून त्या टप्पवर झोपली होती, म्हणून आईने ते आपणहून तिच्या बॅगेत घातलं होतं. बेत असा, की या घड्याळाला नव्या गावची वेळ लावायचीच नाही. ते कायम आईकडची वेळ दाखवणार. नुसतं मान वर करून बघितलं, की आई आत्ता काय करत असेल ते कळणार.

नव्या घरी आल्यावर आधी मिक्सर लावून बघितला. तिथल्या निम्म्या व्होल्टेजवर तो दमेकरी म्हाताऱ्याने जिना चढावा तसा फिरला आणि वाटण होतं तसंच राहिलं. मग नवऱ्याने ट्रान्सफॉर्मर आणला. उचलताना पाटा उचलल्यासारखं वाटायचं, आणि शेजारच्या खोलीत कुणी तंबोरा लावून गाणं विसरून गेलंय असा तो दिवसभर घूंऽ करत राहायचा. पण त्यावर मिक्सर गरगरला. घड्याळही टप्प टप्प करू लागलं. आईला फोनवर विचारून बबडीने वेळ लावली, घड्याळ फ्रिजवर ठेवलं आणि मामांना निरोप धाडला: सगळं चालू आहे, काही जळलं नाही.

मामांनी उत्तरात फक्त 'बरं' लिहिलं. सहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन बबडीने ते वाचलं आणि विजयाने हसली. तिच्याबरोबर हसायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

नवऱ्याची कामाची पाळी दर आठवड्याला बदलायची. तो कधी दिवसा झोपायचा, कधी रात्री, त्यामुळे पडदे बहुतेक ओढलेलेच. बाहेर थंडी अशी, की दुपारीच दिवे लागायचे. पिल्लू म्हणजे लेक, ती तर सूर्याला ओळखतच नव्हती. भूक लागली की सकाळ, पोट भरलं की रात्र. जिन्यात भेटणाऱ्या बायका मान हलवून हसायच्या आणि आपापल्या दाराआड जायच्या. बबडीच्या दिवसाला खुंटी एकच होती: आईकडचे दहा. सकाळी दहाला आईची कामं आटोपलेली असत, चहाचा दुसरा कप हातात असे. फ्रिजवर दहाची पाटी पडली आणि लाल ठिपका दिसला, की बबडी फोन लावायची. आईकडे फोन म्हणजे भिंतीला वायर असलेला, त्यात चेहरा दिसायची सोय नाही. पण आवाज पुरत होता.

तुम्ही म्हणाल, बबडीच्या हातातल्या फोनवर वेळ दिसत नव्हती का? दिसत होती की. पण ती इथली. तिच्यात किती मिळवायचे नि किती वजा करायचे, हे मूल खांद्यावर रडत असताना करून बघा आणि मग बोला.

पहिला फोन झकास झाला. दुसऱ्या वेळी आई म्हणाली, आज फार लवकर आठवण आली गं. आवाज जरा घोगरा होता. तिसऱ्या वेळी मात्र फोन खूप वेळ वाजला, आणि उचलल्या उचलल्या आईने घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, काय झालं, पिल्लू बरी आहे ना, जावईबापू कुठे आहेत. बबडी म्हणाली, कुणाला काही झालेलं नाही, सहज केला. आणि मग रोजचाच प्रश्न विचारला, "आंघोळ झाली का गं आई?"



"करीन हं," आई जपून म्हणाली. "तू जेवलीस ना बाळा? झोप येते ना तुला?"

सकाळी दहा वाजता बिनआंघोळीची आई बबडीने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. चौथ्या फोनला तर कहर झाला. आई म्हणाली, आत्ता अंथरुणाला पाठ टेकतच होते, आणि अगं आजच तर बोललो ना आपण?

"काल, आई. काल बोललो."

मग आई इतक्या समजूतदारपणे "बरं, काल" म्हणाली, की बबडीने फोन दुसऱ्या कानाला लावून बघितला. हट्टी माणसाने न भांडता हार मानली, की समजावं काहीतरी बिघडलंय.

पुढच्या फोनला आईने मधेच थांबून सांगितलं, जरा दिवा लावते, अंधारून आलंय. सकाळी! त्याच्या पुढच्याला म्हणाली, जेवून जरा लवंडले होते. आणि त्यानंतर एकदम खणखणीत आवाजात, आंघोळ झाली, चहा हातात आहे, बोल. बबडीने सुटकेचा श्वास टाकला. तो पुढच्या फोनपर्यंतच टिकला, कारण तेव्हा आईचा आवाज पुन्हा घोगरा झाला होता. पाळीचा ताप असतो तसा हा विसरभोळेपणा पाळीने येत होता: मधे एक दिवस शहाणी, बाकी सगळे वेडे.

बबडीने मामांना निरोप पाठवला, की आईकडे जाऊन या, काही विचारू नका, फक्त बघा. मामांनी कळवलं, ताई ठणठणीत आहे, पण तू कशी आहेस. बबडीने लिहिलं, मी उत्तम. मामांनी विचारलं, नक्की ना. या 'नक्की ना'तला वास बबडीला तेव्हा आला नाही.

कारण तिकडे आईने मामांना बोलावून पदराने डोळे पुसत सगळं सांगितलं होतं. पोरगी अपरात्री फोन करून आंघोळीचं विचारते. आज आणि काल यातला फरक तिला कळत नाही. मधेच एखाद्या दिवशी नीट बोलते, मग पुन्हा तेच. बाळंतपणानंतर एकटं पडलं की होतं म्हणे असं. मी तिला काही बोलत नाही रे, तिला वाईट वाटेल. ती म्हणेल ती वेळ.

मामांनी जावईबापूंना कळवलं. त्या दिवशी नवरा कामावरून लवकर आला. हातात सफरचंदांची पिशवी होती, आणि बोलणं असं, जणू गांधीलमाशीच्या पोळ्याजवळून जिना उतरतोय. म्हणाला, पिल्लूला मी घेतो, तू पड जरा. मग म्हणाला, आज वार कुठला गं? बबडीने दहाचे फोन मोजून वार सांगितला. चुकला. नवऱ्याने सफरचंद कापून तिच्या हातात दिलं आणि सुरी वरच्या कप्प्यात ठेवली.

बबडीला वाटलं, याला आईचं कळलंय आणि हा आपल्याला धीर देतोय. तिला भरून आलं. ती म्हणाली, मी जाते आईकडे. पिल्लूला घेऊन. थोडे महिने.

तिने त्याच्या विरोधाला द्यायची उत्तरं तयार ठेवली होती. त्यांची गरजच पडली नाही. नवरा लगेच म्हणाला, जा, मीच म्हणणार होतो. तिकिटं बघितली आहेत.

बबडी बॅग भरायला बसली. पिल्लूचे कपडे घडी करताना तिच्या लक्षात आलं, की आई आजारी आहे या काळजीच्या खाली तिच्या मनात काहीतरी चोरटं, उबदार हलतंय. घरी जायचं. ओट्याशी आईच्या पाठीला पाठ लावून उभं राहायचं. आईचं दुखणं आणि आपला आनंद असे एकाच बॅगेत भरताना तिला स्वतःची लाज वाटली. आणि नवरा इतक्या पटकन 'जा' म्हणाला होता, तेही एक कुसळ होतं, ते कुठल्या कप्प्यात ठेवावं कळेना.

टप्प. फ्रिजवर दहाची पाटी पडली, लाल ठिपका दिसला. येतेय म्हणून सांगायला बबडीने फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला, पण आईने नाही.

"मामा? तुम्ही तिथे कसे? आईला काय झालं?"

"ताई झोपलीय," मामा कुजबुजले. "तुझा फोन यायचा म्हणून मी इथेच निजतो हल्ली. फोनपाशी."

"दहा वाजता झोपलीय?"

"बबडे," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज समजूतदार नव्हता, जांभई आलेल्या माणसाचा होता. "रात्रीचे दोन वाजलेत."

बबडी म्हणाली, माझ्यासमोर घड्याळ आहे. मामांनी विचारलं, कुठलं. ती म्हणाली, आईचं.

पलीकडून असा आवाज आला, जणू घशात अडकलेला घास बऱ्याच दिवसांनी खाली उतरला असावा.

"...पण तिकडची वीज हेलकावे जास्त खाते," मामा म्हणाले. "आपल्याकडे सेकंदाला पन्नास, तिकडे साठ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हेलकावे नाही. आणि हे घड्याळ हेलकावेच मोजतं. तुझे तिकडे पाच दिवस होतात, तेवढ्यात ते सहा मोजतं. हे सांगत होतो. तू चेन लावलीस."

बबडीने फ्रिजवरच्या घड्याळाकडे पाहिलं. टप्प. ते बिचारं तिच्यासाठी जिवाच्या आकांताने पळत होतं. दर फोन आधीच्या फोनपेक्षा चार तास अलीकडे सरकत सरकत, आईचा सगळा दिवस आणि सगळी रात्र पालथी घालून आला होता.

मग तिला हसू आलं. मामांनाही आलं. इतकं, की आई उठून आली आणि तिने फोन ओढून घेतला. सगळं कळल्यावर ती आधी मामांवर ओरडली, की वाक्य पुरं करायला काय झालं होतं. मग जावयाला निरोप गेला. तो जागाच होता. त्याने सुरी खाली काढली, तिकिटांचं पान बंद केलं आणि खुर्चीत असा बसला, जणू कुणीतरी त्याच्या खांद्यावरून ट्रान्सफॉर्मर उतरवलाय. 'जा' एवढ्या पटकन का म्हणालास, हे बबडीला विचारावं लागलं नाही.

सगळे बरे निघाले. कुणालाच काही झालेलं नव्हतं. म्हणजे घरी जायला कारणही उरलं नव्हतं. बबडीने बॅग परत रिकामी केली. भरताना लागला त्याहून बराच जास्त वेळ लागला.

आता ती फोन करण्याआधी बोटं मोजून हिशेब करते. एकदा बरोबर दहाला फोन लागला, तेव्हा आई चहाचा घोट घेत म्हणाली, "बरं झालं बाई, चूक सापडली. पण खरं सांगू? दहाला दारात कुणी ना कुणी असतंच गं. त्या दोनच्या फोनला कसं, आपण दोघीच असायचो."

घड्याळाचा प्लग काढलेला आहे. ते फ्रिजवरच आहे आणि त्यात कायम दहा वाजलेले आहेत, लाल ठिपक्यासकट. ट्रान्सफॉर्मर मात्र मिक्सर नसला तरी बबडी कधीकधी चालू ठेवते. तेवढीच घूंऽची सोबत. हे नवऱ्याला माहीत नाही, तुम्हीही सांगू नका.

एक काम मात्र करा. तुमच्या जिन्यात, वरच्या नाहीतर खालच्या मजल्यावर, अशी एखादी नवी आलेली बाई असेलच. कडेवर मूल, पडदे ओढलेले, दिवा भलत्या वेळी चालू. आज जाता जाता तिची बेल वाजवा. बोलायला काही सुचलं नाही तर फक्त किती वाजले ते विचारा. आणि तिने चुकीची वेळ सांगितली, तर दुरुस्त करू नका. आत जाऊन बसा.